क्रिनोलिनला 'बायकांचा पिंजरा' म्हणणं मला पटत नाही

सुईदोरा
एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-फ्रान्सच्या बायकांचे ते घंटेसारखे घागरे पाहिले की कुणीतरी म्हणतंच, "बाईला पिंजऱ्यात कोंडलं." घागऱ्याखाली घालायचा पोलादी कड्यांचा सांगाडा, म्हणजे क्रिनोलिन, आला १८५६ मध्ये. त्याआधी तोच घेर फुगवायला बायका पाच-सहा परकर एकावर एक घालायच्या, काही कडक खळीचे, एखादा घोड्याचे केस घालून विणलेल्या जाड कापडाचा. सगळा भार कमरेवर. कड्या आल्या आणि एका हलक्या सांगाड्यावर भागलं.
कॉलेजच्या नाटकासाठी मी असा सांगाडा स्वतः शिवला आणि घालून दोन अंक वावरले. कड्या उभ्या फितींवर टांगलेल्या असतात, बसताना एकीवर एक अलगद मिटतात. पायात काही घोटाळत नाही. सुटल्यासारखं वाटतं हो!

जुनी पेटी
ताई, रंगमंचावर उघडी शेगडी नव्हती. घेराखाली हवा खेळते, वर तलम मलमल, आणि आपला काठ कुठवर पोचलाय ते घालणारीला कळत नाही. ठिणगी पडली की संपलं. १८६१ मध्ये कवी लाँगफेलोंची पत्नी फॅनी घरातच अशी कपडे पेटून गेली; विझवताना तेही भाजले. १८६३ च्या डिसेंबरात चिलीत सॅंतियागोच्या चर्चला आग लागली. दोन हजारांवर माणसं मेली, बहुतेक बायका-मुली. घेरदार कपड्यांमुळे दाराशी त्या एकमेकींत अडकल्या, असं तेव्हाच बोललं गेलं. याला सुटका कशी म्हणायची?

सुईदोरा
आगीचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या अमेलिया ब्लूमरबाईंचं बघा. १८५१ मध्ये आखूड झगा आणि खाली विजार या पोशाखाचा त्यांनी हिरिरीने प्रचार केला. त्याच बाई त्या दशकाच्या अखेरीस लांब झग्याकडे परतल्या, कारण कड्यांमुळे जड परकर सुटले होते.

अवंती_क
अर्धंच सांगितलंत. विजार घातलेल्या बायकांची रस्त्यात इतकी टर उडवली जायची की मतदानाच्या हक्काचं बोलणं बाजूला राहून लोक कपड्यांवरच बोलत. म्हणून त्या हक्कासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ स्टँटनसारख्यांनीही तो पोशाख सोडला. सहा परकर की पोलादी कड्या, एवढीच निवड हातात उरली. कड्या हलक्या होत्या हे मान्य, पण विजार त्याहून हलकी होती ना?

रंगरेज
सगळे घालणारीबद्दल बोलताहेत. बनवणारीचं काय? त्या काळचा लाडका हिरवा रंग आर्सेनिकचा, म्हणजे विषाचाच. मटिल्डा शूरर, वय १९, लंडनमध्ये केसांत माळायची कृत्रिम फुलं करायची. पानांवर हिरवी पूड उडवणं हे तिचं काम. १८६१ मध्ये ती गेली तेव्हा डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा हिरवा झाला होता. मला राग येतो तो याचा. घेर केवढा, हा प्रश्न नंतरचा.

सुईदोरा
मटिल्डाबद्दल वाचून सुन्न झाले. अवंती, विजारीचा मुद्दाही मान्य. तरी सहा परकरांचं ओझं उतरलेल्या बाईला 'तू पिंजऱ्यात आहेस' असं मी सांगणार नाही.