स्पेशल शाळा बंदच कराव्यात का?

खडूफळा: इटलीने १९७७ साली कायदा करून अपंग मुलांचे स्पेशल वर्ग मोडीत काढले, मुलं नेहमीच्या वर्गात आणली आणि सोबत सपोर्ट टीचर दिला, तोही त्या एका मुलाचा नाही, अख्ख्या वर्गाचा. जवळपास पन्नास वर्षं झाली, चाललंय की! मग बाकीच्यांचं घोडं कुठे अडलंय? जर्मनीने २००९ मध्ये युनोचा अपंग हक्क करार मान्य केला तरी तिथल्या वेगळ्या शाळा भरतातच. वेगळी शाळा आहे म्हटलं की साधी शाळा हात झटकून मोकळी.

तिरकस: चाललंय म्हणजे कसं चाललंय ते पण सांगा. कित्येक सपोर्ट टीचरना त्या कामाचं खास ट्रेनिंगच नसतं ही तिथली जुनी रड आहे. अमेरिकेत १९७५ ला अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा वॉशिंग्टन उचलेल असं ठरलं, आजवर एकदाही तेवढा उचलला नाही. हक्क द्यायला काय जातंय, पैसे कोण देणार?

रानजाई: मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. साध्या शाळेत पहिल्या बाकावर बसायचे, सर बोलता बोलता फळ्याकडे वळले की ओठ दिसेनासे आणि वाक्याचं शेपूट गायब. वर्ग हसला की मीपण हसायचे, जरा उशिराने, कशावर ते माहीत नसायचं. पुढे साइन लँग्वेजच्या शाळेत गेले तेव्हा कुठे जोक कळून हसले. ती शाळा बंद करणार का तुम्ही? कराराच्या कलम २४ मध्येसुद्धा साइन लँग्वेज आणि बहिऱ्यांची भाषिक ओळख जपायला सांगितलंय.

तिरकस: +१, मी वेगळं काय म्हणत होतो

खडूफळा: नाही हो, तुम्ही वेगळंच म्हणत होतात. रानजाई, तुमचं पटलं, तो भाषेचा प्रश्न आहे. पण तेच कारण व्हीलचेअरवाल्या मुलाला लावून त्याला गावाबाहेरच्या शाळेत धाडतात, तिथे फक्त रॅम्प हवा असतो. भारताच्या २०१६ च्या कायद्यात जवळची शाळा किंवा स्पेशल शाळा, मर्जी मुलाची असं आहे. जवळच्या शाळेला पायऱ्याच असतील तर कसली मर्जी?

तिरकस: रॅम्पवरून माझं भांडण नाही. पण ऑटिझम असलेल्या मुलाला चाळीस जणांचा कलकलाट सहन होत नाही, त्याला कुठला रॅम्प लावणार?

खडूफळा: चाळीस कोंबलीत कशाला पण? इटलीच्या त्याच कायद्यात अशा वर्गाला २० ची मर्यादा घातली होती.