अनुभव धागा: हाताने करून पाहिलं तेव्हा कळलं

परीक्षेत बिनचूक लिहिलेली एखादी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच डोक्यात शिरली, असं तुमचं झालंय का? लिहा. फसलेले प्रयोग आधी.

सुरुवात मीच करते. ए-फोर कागद एका बाजूने गुंडाळला की उंच नळकांडं होतं, दुसऱ्या बाजूने बुटकं. जास्त कशात मावेल? "कागद तोच, म्हणजे सारखंच," मी ठामपणे म्हणाले (पदवीला गणित होतं, बरं का). लेकीने उंच नळकांडं बुटक्याच्या आत उभं केलं, वाळूने काठोकाठ भरलं आणि अलगद वर ओढून घेतलं. वाळू पसरली, आणि बुटकं पाऊणसुद्धा भरलं नाही! सूत्रातला त्रिज्येचा वर्ग मला पाठ होता. तो काय करतो ते त्या दिवशी दिसलं.

*

आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. उत्तर ठाऊक असायचं, त्यावरून उलटी रीडिंग्ज काढायची. दोलक खरा केला तो आत्ता, मुलाबरोबर, दोरीला कुलूप बांधून. २५ सेंटीमीटर दोरीला एका झोक्याला (जाऊन परत यायला) १ सेकंद लागायला हवा. आमचा सारखा ०.९ येत होता. दोरी तपासली, घड्याळ बदललं. शेवटी कळलं, कुलूप सोडतानाच आम्ही "एक" म्हणत होतो, म्हणजे दहा म्हणेपर्यंत झोके नऊच. "शून्य"पासून मोजलं आणि जमलं. मग १ मीटर दोरी घेतली. लांबी चौपट, वेळ फक्त दुप्पट.

*

झाकणाभोवती दोरा गुंडाळून कापला, झाकणाच्या मधोमध आडवा धरून मोजला. तीनदा पुरला आणि जरासा उरला. तो "जरासा" मला २२/७ मध्ये कधी दिसलाच नव्हता.

*

मी शिकवतो, म्हणून थोडा विरोधी सूर. हात चालले की डोकं चालतंच असं नाही. त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी लावा म्हटलं की मुलं निमूट लावतात, सरळ रेषा येते, संपलं. एकदा एकाची रेषा वाकडी आली. फाडलेल्या तुकड्याला तीन टोकं असतात, त्याने भलतंच टोक जुळवलं होतं. "मग माझ्या त्रिकोणाचे १८० नाहीत का?" त्यावर वर्ग जो भांडला! आता कोपरे आधी रंगवायला सांगावं की नाही, याबद्दल माझंच ठरत नाही.

*

तांब्याच्या तारेवरचा मुलामा टोकांना खरवडावा लागतो, हे कुणी सांगितलंच नाही. विद्युतचुंबक करायला खिळ्याला ऐंशी वेढे घालून मी आठवडाभर सेल बदलत बसले होते.

*

दोलकवाले, कुलूप बदलून पाहिलंत का? वजनाने फरक पडत नाही म्हणतात.

*

पाहिलं. मोठं कुलूप हळू निघालं! मुलगा नाचायलाच लागला. मग लक्षात आलं, दोरी आम्ही गाठीपर्यंत मोजली होती, आणि मोठ्या कुलपाचा मध्य जास्त खाली असतो. आता परत मोजतोय.