ख्रिस्तपुराणात वैकुंठ कसं आलं?

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात (बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारा जुना ग्रंथ) पुण्यवान माणसं मेल्यावर ‘वैकुंठा’त जातात. ‘स्वर्ग’ हाताशी असताना पाद्रीबुवांनी विष्णूचं घर का घेतलं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : स्वर्गही आहे की! पहिलीच ओवी बघा : ‘वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥’ पण इथला स्वर्ग म्हणजे पृथ्वीच्या जोडीचं आकाश.

राहण्याचं ठिकाण म्हणून स्वर्ग अडचणीचा. गीतेच्या नवव्या अध्यायातच आहे, ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. पुण्याची शिल्लक संपली की या खाली. वैकुंठातून मात्र परतीची वाट नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धेला तेच हवं होतं. हा माझा तर्क आहे. पण 1579 मध्ये गोव्यात उतरलेला, इथली भाषा शिकून दहा हजारांवर ओव्या रचणारा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) शब्द असाच उचलेल असं वाटत नाही. ग्रंथ 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापला, तोही रोमन लिपीत.

प्रतिसाद : तर्क पटला, पण सगळीकडे तो लागू पडत नाही. वैकुंठ चाललं, मग गोव्यातल्या जुन्या प्रार्थनांत ‘इस्पिरित सांत’ तसाच का राहिला? ‘पवित्र आत्मा’ तिथे फार उशिरा आला.

प्रतिसाद : कारण ‘आत्मा’ म्हटलं की ऐकणारा थेट अद्वैतात शिरणार! देवबाप समजावता येतो, पण त्रैक्यातली (बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिसरी व्यक्ती ‘आत्मा’ म्हणून सांगायची तर आधी वेदान्ताशी भांडावं लागतं. त्यापेक्षा परका शब्द बरा. लंडनला ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे, मार्सडेन संग्रहातली. तिच्यात पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत शब्द घातलेत. म्हणजे ही चर्चा आपल्याआधी कुणीतरी लेखणीनेच केलीय.

प्रतिसाद : आमच्याकडे गोव्यात आज ‘आमच्या बापा, सर्गींच्या’ म्हणतात. म्हणजे प्रार्थनेत सर्ग बसला, वैकुंठ मागे पडलं. पण नरकाला काय म्हणतात माहीत आहे? ‘येमकोंड’. यमकुंडच ते. विष्णूला निरोप दिला, यमाची नोकरी चालूच!

मूळ प्रश्नकर्ता : यमकुंड भारीच. पुण्यात वैकुंठ म्हटलं की आधी स्मशानभूमी आठवते, त्यामुळे तो शब्द वाचताना मी उगाच दचकत होतो. त्या अर्थाचा 1616 च्या वाचकाला काय पत्ता!

प्रतिसाद : मराठी बायबलवाल्यांनी ‘स्वर्ग’ घेतलाच ना? ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. गीतेतली ती अडचण कुणाला जाणवलेली दिसत नाही. रोजच्या बोलण्यात ‘स्वर्गवासी’ झालेला माणूस पुण्य संपवून परत येईल असं आपण तरी कुठे धरतो?