चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायचंय, पण ड्रायव्हर फर्मवेअरचं उत्तरच घेईना

गोदाकाठ (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. गंगाखेडला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, वर पत्रे. लॅपटॉप सकाळी चार्जरला लागतो तो रात्रीच निघतो, कारण लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. मागच्या मे महिन्यात टचपॅडचा काठ वर आला आणि क्लिक लागेना. झाकण उघडलं तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. लिथियमची बॅटरी शंभर टक्के भरून उकाड्यात ठेवली की लवकर मरते. नवी टाकलीय, तीही तशीच घालवायची नाही.

मी लिनक्स वापरते. या लॅपटॉपसाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्राम आहे, तो लोडही होतो. बॅटरीच्या फोल्डरात चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड ही फाईल दिसते, पण वाचायला गेलं की इनपुट/आउटपुट एरर. विंडोजमध्ये हीच मर्यादा व्यवस्थित लागते, म्हणजे फर्मवेअरला (मशीनमध्येच भरलेल्या प्रोग्रामला) हे जमतं.

एसीपीआयडंपनं एसीपीआयची, म्हणजे कर्नल आणि फर्मवेअरमधल्या दुव्याची, टेबलं काढली, आयएएसएलनं त्यातला डीएसडीटी (फर्मवेअरच्या मेथड ज्यात असतात ते टेबल) वाचता येईल असा उलगडला आणि दोन रात्री वाचत बसले. ड्रायव्हर शोधतो तोच डब्ल्यूएमआयचा (फर्मवेअरकडून काम करून घ्यायच्या सोयीचा) जीयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, माझ्याकडे आहे, मेथडही (फर्मवेअरमधलं फंक्शन) तीच. फरक शेवटच्या ओळीत सापडला: माझ्याकडे मेथड आकडा परत देत नाही, चार बाइटांचा बफर (नुसती बाइटांची रांग) देते. ड्रायव्हरमध्ये लिहिलंय की उत्तर इंटिजर (साधा पूर्णांक) नसेल तर ईआयओ, म्हणजे तीच इनपुट/आउटपुट एरर.

मी डीएमआय टेबलात (मॉडेलच्या नावावरून मशीन ओळखायच्या यादीत) माझं मॉडेल घातलं आणि त्याच्यापुरता बफर वाचला. चाललं! मर्यादा 60, 80 आणि 100 एवढ्याच लागतात. दुसरा आकडा दिला तर मी ईआयएनव्हीएएल (आकडा चालत नाही अशी एरर) परत देते. कर्नलला हात लावायची ही माझी पहिलीच वेळ. पॅच (केलेला बदल) असाच कर्नलवाल्यांना पाठवू का?

तांबडी_माती (धाराशिव)

एवढं कशाला करायलात? ईसी_सिस मॉड्यूल (एम्बेडेड कंट्रोलर या चिपची मेमरी उघडून देणारं) राइट सपोर्ट चालू करून लोड करा आणि डीएसडीटीत दिसणाऱ्या पत्त्यावर थेट 80 लिहा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतंय.

औसा_रोड (लातूर)

तो रस्ता नको, दादा. पंखा, चार्जिंग, झाकणाचं बटण हे सगळं तोच एम्बेडेड कंट्रोलर सांभाळतो. मॉडेल बदललं की पत्ताही बदलतो. चुकीच्या बाइटात 80 लिहिलं आणि पंखा थांबला तर मे महिन्यात पत्र्याखाली त्या मशीनचं काय होईल? फर्मवेअरनं मेथड दिलीय ना, मग तिलाच विचारायचं.

ताई, निदान एकदम बरोबर आहे. पण डीएमआय टेबल काढून टाका. ही खोड एका मॉडेलची नाही. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआयचा थर मधे बसतो आणि मेथडनं आकडा दिला काय, बफर दिला काय, वरच्या प्रोग्रामला एकाच साच्यात देतो. त्यामुळं फर्मवेअर लिहिणाऱ्याला फरक कळतच नाही आणि पुढच्या बायोसमध्ये (फर्मवेअरच्या पुढच्या आवृत्तीत) तो बिनदिक्कत बदलतो. वाचणाऱ्या फंक्शनलाच दोन्ही प्रकार घेता आले पाहिजेत. इंटिजर असेल तर तसाच घ्या. बफर असेल तर लांबी निदान चार बाइट आहे का बघा, मग गेट_अनअलाइंड_एलई32 नं (चार बाइट जोडून एक आकडा देणाऱ्या फंक्शननं) आकडा काढा. बाकी काहीही आलं तर ईआयओ.

उत्तराची मेमरी एसीपीआयनं दिलेली असते, ती केफ्री या फंक्शननं सोडायची जबाबदारी आपली. एरर घेऊन बाहेर पडणारी वाटसुद्धा तपासा, नवखा माणूस तिथंच चुकतो. मी पहिल्यांदा तिथंच चुकलो होतो.

ईआयएनव्हीएएल मात्र नको. या फाईलच्या कर्नल दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हार्डवेअरला हवा तो आकडा लावता येत नसेल तर ड्रायव्हरनं जवळच्या आकड्यावर आणायचा, आणि वाचल्यावर खरोखर लागलेली मर्यादा दाखवायची. कोणी 75 लिहिलं तर 80 लावा, वाचल्यावर 80 च दिसू द्या. डेस्कटॉपवाले प्रोग्राम हाच करार धरून चालतात.

नांदेड_जुना_मोंढा

ताई, माझ्याकडं हेच मॉडेल आहे, जुन्या बाजारातून घेतलेलं. बायोस अपडेट केलेलं नाही. आताच डीएसडीटी उलगडला, माझ्यात इंटिजरच येतो. तुमचं डीएमआयवालं माझ्याकडं लावलं असतं तर आज चालणारं बंद पडलं असतं.

गोदाकाठ (गंगाखेड)

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडं चालतंय म्हणून मी पाठवणारच होते.

डीएमआय काढलं. मेमरीचंही खरं निघालं: बफर छोटा असला तर केफ्री न करताच मी परत फिरत होते. पॅचचे दोन भाग केले. पहिला उत्तर वाचण्याचा, त्यात ज्या कमिटपासून (कर्नलमध्ये नोंदलेल्या बदलापासून) ही चूक आहे तिचा फिक्सेस टॅग. दुसरा जवळच्या आकड्यावर आणण्याचा. चेकपॅचनं (पॅचची मांडणी तपासणाऱ्या प्रोग्रामनं) टॅबच्या जागी स्पेस दिल्याबद्दल अकरा ठिकाणी टोकलं, ते नीट केलं. जुलैत पीकविम्याची गर्दी असते, तेव्हा मला मर्यादा 100 वर न्यायची आहे, म्हणून तिन्ही आकडे वरखाली करून बघितले. काल 80 लावून चार्जर जोडला तर 80 वर थांबला, स्टेटसला नॉट चार्जिंग. हायबरनेट करून उठवलं तेव्हा मात्र मर्यादा परत 100 झाली होती.

औसा_रोड (लातूर)

मग ड्रायव्हरनं शेवटची मर्यादा लक्षात ठेवायची आणि रिझ्यूमच्या कॉलबॅकमध्ये (मशीन उठताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पुन्हा लिहायची. तो तिसरा पॅच, वेगळाच ठेवा. मालिका गिट सेंड-ईमेलनं साध्या मजकुरात पाठवा, अटॅचमेंट नको. साइन्ड-ऑफ-बाय मध्ये (पाठवणाऱ्याच्या सहीच्या ओळीत) तुमचं खरं नाव.

नांदेड_जुना_मोंढा

तिन्ही पॅच लावून कर्नल बांधला, रात्र गेली त्यात. इंटिजर बरोबर वाचतोय. 75 लिहिलं, 80 दिसलं. हायबरनेट करून उठवलं, 80 च. टेस्टेड-बाय मध्ये माझं नाव घाला, मेल करतो.

गोदाकाठ (गंगाखेड)

घातलं, दादा. लाईट होती तोवर, साडेदहाला मालिका पाठवली.