भावाने दारू पिऊन अपघात केला आणि गाडीचा विमा संपलेला होता. भरपाईची जबाबदारी कोणाकोणावर येते?

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात रात्री सांगली-मिरज रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाने चालवलेल्या कारची धडक एका दुचाकीस्वाराला मागून बसली. भाऊ दारू प्यायलेला होता. पोलिसांनी त्याच रात्री त्याला सिव्हिलमध्ये नेऊन रक्ताचा नमुना घेतला आणि त्याचा अहवाल भावाच्या विरोधात आला आहे. जखमी गृहस्थ ३४ वर्षांचे असून फर्निचरची सुतारकामे करतात. त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले, रॉड टाकावा लागला आणि पुढचे काही महिने त्या पायावर भार द्यायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. घरात पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि कमावणारे हे एकटेच.

कार वडिलांच्या नावावर आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि त्यांनी स्वतः गाडी चालवणे सोडल्यापासून विम्याच्या नूतनीकरणाकडे कोणी पाहिले नाही. अपघाताच्या दिवशी थर्ड पार्टी विमासुद्धा लागू नव्हता. भाऊ खाजगी कंपनीत नोकरीला असून त्याच्या हातात दरमहा ४०,००० रुपये पडतात.

नातेवाइकांकडून दोन सल्ले आले आहेत. ओळखीच्या एजंटाला धरून मागच्या तारखेची पॉलिसी करून घ्यावी, हा पहिला. दुसरा असा, की वडिलांनी राहते घर ताबडतोब माझ्या नावे बक्षीसपत्र करून द्यावे, म्हणजे जप्ती आली तरी हाती काही लागणार नाही. मला दोन्ही पटत नाहीत, परंतु नकार देताना मला त्यामागचा कायदा ठाऊक असायला हवा. वडिलांवर जबाबदारी येते का, रक्कम साधारण कशी ठरते, आणि त्या कुटुंबाला आज मदत करायची झाल्यास ती तोंड बंद करण्यासाठी दिली असा अर्थ निघू नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना वकील

ताई, आपण ज्या दोन सल्ल्यांना नकार देत आहात, ते दोन्ही आपल्या कुटुंबाला आजच्यापेक्षा खोल पाण्यात नेणारे आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो. पॉलिसीच्या कागदावर संरक्षण कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाले हे छापलेले असते. अपघातानंतर घेतलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही, आणि मागची तारीख घालून बनवलेला कागद न्यायालयात दाखल केला तर अपघाताच्या गुन्ह्याशेजारी बनावट दस्तऐवजाचा आणि फसवणुकीचा गुन्हा येऊन बसतो. बक्षीसपत्राचेही तसेच आहे. धनकोंना चुकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ नुसार रद्द करून घेता येते, आणि दाव्यानंतर अप्रामाणिकपणे मालमत्ता हलवली असे दिसले तर दिवाणी कैदेच्या अर्जालाही ते एक कारण पुरते. शिवाय बक्षीस घेणाऱ्या म्हणून आपणही त्यात ओढल्या जाल.

आता जबाबदारी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. विमा नसल्यामुळे भरपाईचा बोजा चालक आणि नोंदणीकृत मालक या दोघांवर संयुक्तपणे पडतो; म्हणजे पूर्ण रक्कम भावाकडून किंवा वडिलांकडून, कोणाकडूनही वसूल होऊ शकते. घरातल्या मुलाने न विचारता चावी उचलली, हा बचाव अशा प्रकरणांत सहसा टिकत नाही. विना विमा गाडी चालवण्याची कलम १९६ खालील शिक्षा (तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही) गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू आहे, त्यामुळे वडिलांचे नाव तिथेही येऊ शकते.

बाकीची फौजदारी बाजू भावाची एकट्याची आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की कलम १८५ लागते आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हाड मोडल्यामुळे ही गंभीर दुखापत ठरते, म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ (ब) आणि बेदरकार चालवण्याचे कलम २८१ ही लागतील. त्यांपैकी पहिल्यात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. परवानाही निलंबित होईल. जखमीचा जीव वाचला हे त्या कुटुंबाचे भाग्य आहे आणि आपल्या भावाचेही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली मरण पावले, तेव्हा निव्वळ निष्काळजीपणावर प्रकरण थांबले नाही आणि सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

रक्कम दारूच्या प्रमाणावर ठरत नाही, जखमी माणसाच्या नुकसानीवर ठरते. समजा त्यांचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये धरले गेले. वर्षाचे १,८०,००० होतात. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,०००. कमावण्याच्या क्षमतेत २० टक्के कायमची घट धरली तर वर्षाचे नुकसान ५०,४०० होते आणि ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा) १६ असल्याने ८,०६,४०० रुपये येतात. उपचारांचा खर्च, कामाविना गेलेले महिने, वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया यांची रक्कम याखेरीज, आणि त्या साऱ्यावर व्याज. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दाखल्यावर पायाचे अपंगत्व किती टक्के लिहिले आहे एवढेच न्यायाधिकरण (मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवणारे न्यायालय) पाहत नाही. सुताराला उकिडवे बसावे लागते, घोडीवर चढून फळी ठोकावी लागते, म्हणून तोच पाय कारकुनापेक्षा त्याचे कितीतरी अधिक नुकसान करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालापासून हा विचार रूढ आहे आणि माझ्या मते तो अतिशय न्याय्य आहे.

दाव्याची नोटीस आली की कैफियत, म्हणजे आपले लेखी उत्तर, मुदतीत द्यावी. गैरहजर राहिल्याने दावा टळत नाही, तो एकतर्फी चालतो.

पाऊलवाट

मी दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. माझ्या यजमानांना काही वर्षांपूर्वी विमा नसलेल्या गाडीने उडवले. चालक प्यायलेला होता हे सिद्ध झाले, निवाडा आमच्या बाजूने लागला आणि आम्हाला वाटले की आता पैसे मिळतील. खरी वणवण त्यानंतर सुरू झाली. वसुलीसाठी दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली, मग जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वसुलीचा दाखला गेला, तिथून तहसील आणि तहसीलमधून तलाठी. तलाठ्यांनी उतारा काढून दाखवला तेव्हा मालकाच्या नावावर एक गुंठाही शिल्लक नव्हता. निकालाच्या आधीच सगळे पुतण्याच्या नावे झाले होते. ते रद्द करून घेण्यासाठी नवा दावा, नवी फी आणि नव्या तारखा. यजमान तेव्हा कुबडीवर होते आणि मी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करून फी भरत होते.

ताई, आपल्याला कोणी बक्षीसपत्राचा सल्ला देत असेल तर त्याचा अर्थ एवढाच आहे की त्या सुताराच्या बायकोने माझ्यासारखी वर्षे काढावीत. आपण आधीच नाही म्हटले आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. मदतीविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की ती आता द्यावी, निकालाची वाट पाहू नये. आम्हाला पहिल्या तीन महिन्यांत कोणी रुग्णालयाचे बिल आणि किराणा एवढे जरी दिले असते तरी माझे मंगळसूत्र गहाण पडले नसते. मात्र भावाला किंवा त्याच्या मित्रांना त्यांच्या घरी पाठवू नका. आमच्याकडे चालकाची माणसे पाकीट घेऊन आली होती आणि पाकिटाबरोबर सहीसाठी कोरा स्टॅम्प पेपरही होता. त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पाऊलवाटताई, आपला प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर म्हणाले की घराचे कागद कपाटातून हलणार नाहीत. भावानेही पगारातून दरमहा ठरावीक रक्कम द्यायची तयारी दाखवली आहे. वकीलसाहेब, ही रक्कम कशी द्यावी, वडिलांची पेन्शन जप्त होऊ शकते का, आणि पोलीस ठाण्यात उभी असलेली गाडी सोडवावी का, एवढे सांगावे.

जुना वकील

पेन्शनची काळजी करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या निवृत्तिवेतनावर जप्ती येत नाही. भावाच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग वगळला जातो. ४०,००० पगार धरला तर दरमहा १३,००० रुपयांपर्यंत जप्त होऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी (न्यायालयाच्या वसुलीयोग्य अंतिम आदेशासाठी) अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपर्यंतच चालते. राहत्या घराला मात्र असे संरक्षण शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांनाच आहे. त्यामुळे घर वाचवण्याचा सरळ मार्ग रक्कम वेळेत भरणे हाच आहे.

गाडीबाबत २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांचा विचार करावा लागेल. विमा नसलेली गाडी अपघातात असेल आणि मालकाने पुरेशी सुरक्षा जमा केली नाही, तर न्यायालय ती सोडत नाही. पुढे तिचा लिलाव होऊन पैसे न्यायाधिकरणात भरपाईसाठी जमा होतात. माझ्या मते गाडी सोडवण्यासाठी धडपड करू नये, तिची किंमत त्या कुटुंबाच्याच कामी येऊ द्यावी.

मदत देताना रोख टाळावी. बिलाची रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात भरून पावती जखमीच्या नावे घ्यावी, आणि घरखर्चासाठीचे पैसे त्यांच्या पत्नीच्या खात्यावर पाठवावेत. त्याआधी आपल्या वकिलामार्फत त्यांच्या वकिलाला एक पत्र द्यावे, ज्यात ही रक्कम अंतिम भरपाईपोटीची आगाऊ रक्कम असून तक्रार मागे घेण्याची किंवा जबाब बदलण्याची कोणतीही अट नाही, असे स्वच्छ लिहिलेले असेल. त्यांच्याकडून पोच सोडून कशावरही सही घेऊ नये. हे सगळे कैफियतीत नमूद करून पावत्या जोडल्या म्हणजे निवाड्याच्या वेळी ती रक्कम वळती करून मागता येते.

त्यांना वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हेही त्या पत्रात लिहावे. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा अशी कायद्यातली मुदत आहे, तीही त्यांना कळवावी; पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला की तोही दावा म्हणून घेतला जातो, परंतु त्याच्या भरवशावर त्यांनी थांबू नये. दावा दाखल झाल्यानंतर दोन्ही बाजू राजी असतील तर लोकअदालतीत रक्कम आणि हप्ते ठरवून घेता येतात, आणि तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला त्या तडजोडीने मिटणार नाही. तो भावाला स्वतंत्रपणे तोंड द्यावाच लागेल, आणि पहिल्या तारखेपासून त्याने स्वतः हजर राहावे.