गाण्यात ऊस म्हटला की पडद्यावर ऊस दाखवायचाच का?

हळदपेठ
मी सांगलीत मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात दोन कामं होती: एका म्युझिक व्हिडिओचं शॉट-शॉट सोडवून विश्लेषण करायचं आणि मग स्वतःचा एक व्हिडिओ करायचा. पहिल्याला मार्क चांगले पडले. दुसऱ्यावर सरांनी जे ऐकवलं, त्यावरून हा धागा.

गाणं माझ्या मावसभावाचं, हलगीच्या ठेक्यावर, ३ मिनिटं २० सेकंदांचं. ध्रुवपद असं:

ऊस गेला तोलून, फड झाला मोकळा,
बिल काही येईना, बाप बसला एकला.

मी 'ऊस'ला ऊस दाखवला, 'तोलून'ला वजनकाटा, 'फड'ला तोडलेलं रान आणि 'बिल येईना'ला काकांचं रिकामं पाकीट. सरांनी पाकिटावर व्हिडिओ थांबवला. म्हणाले, "हा बालवाडीतला तक्ता झाला. ऊ उसाचा." सगळा वर्ग हसला.

सरांचा आधार म्हणजे अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाची १९९२ सालची मांडणी. गाण्याचे शब्द आणि चित्र यांचं नातं तीन तऱ्हांचं: शब्द सांगतात तेच दाखवणं, शब्दांत भर घालणं, शब्दांशी फारकत घेणं. सरांच्या मते पहिली तऱ्हा आळशाची.

मला हे पटत नाही. स्वतःचं रान, स्वतःचा काटा पडद्यावर बघण्यात माणसाला आनंद असतो. पाकिटाच्या शॉटला काकांनी मांडीवर थाप मारली होती. त्यांच्यासाठी केलेल्या गाण्यात त्यांना कळेल असं दाखवलं तर तो आळस कसा?

(काट्याच्या खोलीत ट्यूबखाली घेतलेले शॉट सगळे फडफडलेत, ते दुखणं वेगळंच.)

विश्रामबाग_व्हिडिओ
ताई, फडफड आधी. मोबाइलचं शटर सेकंदाच्या १/६० वर राहिलं असणार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं १/५० नाहीतर १/१०० ठेवायचं.

आता सरांचं. सरांना पार्टीकडनं पैसे वसूल करायचे नसतात. मी लग्नं करतो आणि शर्यतीच्या बैलांची गाणीपण करतो. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून मला लग्नांपेक्षा बैलच जास्त येतात. गाण्यात बैलाचं नाव आलं आणि त्याच क्षणाला बैल दिसला नाही, तर रात्री अकराला मालकाचा फोन: "माझा बैल कुठाय?" त्याला काय सांगू, फारकत घेतलीय म्हणून?

पाकीट ठेव. बिनधास्त ठेव.

वाईची_लेक
मीही हळदपेठच्या बाजूनं, पण कारण वेगळं.

बैठकीच्या लावणीत शब्द दाखवणं हीच तर कला. आमच्या वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली. गळा होताच, पण जाणकार नाव काढतात ते त्यांच्या अदाकारीचं. 'येतो म्हणाला' एवढे दोनच शब्द घ्या. बसल्या जागी, पुन्हा पुन्हा तीच ओळ. एकदा वाट बघणं, एकदा रुसवा, एकदा शेजारणीपुढं मिरवणं, आणि शेवटी 'येणार नाही हे मला केव्हाच ठाऊक होतं'. शब्दाला चिकटूनच केलेलं काम आहे हे, आळस म्हणाल का त्याला? परदेशी तीन खाती काढून आपली परंपरा त्यातल्या सगळ्यात खालच्या खात्यात टाकायची, हे काही झेपलं नाही.

सूत्रधार_कृष्णाकाठ
वाईची_लेक, उदाहरण छान दिलंत, फक्त ते तुमच्याच विरोधात जातं.

बैठकीत पाऊस म्हटला की बाई बादली ओतत नाहीत. खिडकी म्हटली की सुतार बोलावत नाहीत. वस्तू तिथं नसतेच, म्हणून तर डोळ्यांना काम उरतं. कॅमेऱ्यानं थेट ऊस दाखवला की बघणाऱ्याकडं काम उरलं नाही. तुम्ही सांगितलेले चार भाव हे गुडविनच्या दुसऱ्या खात्यातले, म्हणजे भर घालण्याचे.

आणि सांगलीचा विषय आहे म्हटल्यावर १८४३ येणारच, सोसा. त्या साली इथं झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकात पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. गाणारा एक, दिसणारा दुसरा. म्युझिक व्हिडिओचं मूळ दुखणं आपल्या गावात तेव्हाच सुरू झालं होतं! ऐकू येणाऱ्या शब्दावर समोरच्या माणसानं करायचं काय? ते नुसतं पद वाचून दाखवल्यासारखं वागले असते तर 'सीतास्वयंवर' दुसऱ्यांदा कुणी बघितलं नसतं.

मुलीच्या सरांनी वर्गासमोर टर उडवली ती चूकच. मुद्दा मात्र बरोबर होता.

वाईची_लेक
बादली मान्य. पण पात्रं पदातलंच करत होती, पदाबाहेरचं नाही. मी सरांचा शब्द घेणार नाही, 'आळशी' तर अजिबातच नाही.

एकरी_ऐंशी_टन
तुम्ही शॉटवर भांडा, मी बिलावर येतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याज मिळालेला माणूस मी अजून बघितला नाही. पोरी, पाकीट दाखवलंस ते चुकलंच, पण सर म्हणतात त्या कारणानं नाही. शेतकऱ्याचं बिल पाकिटात येतच नाही, खात्यावर येतं. पाकीट रिकामं हा पगारदार माणसाचा शॉट आहे.

विश्रामबाग_व्हिडिओ
हे मात्र खरं आहे लगा.

फक्त_ऐकणारा
गुडविनच्या नावावर इथं तीन खाती तेवढी फिरतायत. त्याचा खरा रोख व्हिडिओकडं छोटा सिनेमा म्हणून बघणाऱ्यांवर होता. ती मंडळी चित्रांचे अर्थ लावत बसतात आणि आवाज विसरतात. त्याचं म्हणणं, आधी गाणं ऐका, चित्र त्यातून फुटतं. इथं आतापर्यंत सगळे शब्दांवरच बोललेत. हलगीचं काय?

हळदपेठ, दोन गोष्टी सांग. गाण्याचा वेग किती? आणि तुझे शॉट किती? तुझं पहिलं काम मोजण्याचंच होतं ना, मग तेच स्वतःच्या व्हिडिओवर करून बघ. दुसऱ्याचा व्हिडिओ फाडायला मजा येते. स्वतःचा फाडायला बसलं की पोटात गोळा येतो.

रील_बघा_झोपा
एवढा काथ्याकूट कशाला? पहिल्या तीन सेकंदांत ट्रॅक्टर उडवा, गाणं चालतंय.

हळदपेठ
मोजलं. पोटात गोळा आला.

वेग १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० ठोके. मी सेकंदाला २५ फ्रेमनं शूट केलंय, म्हणजे एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम. शॉट निघाले ८०, सरासरी अडीच सेकंदांचा एक. टाइमलाइनवर खुणा केल्या तेव्हा दिसलं की जवळपास प्रत्येक कट चौथ्या ठोक्यावर पडलाय. ऊस, धाड्. काटा, धाड्. पाकीट, धाड्. आवाज बंद करून बघितलं तर पाढे म्हटल्यासारखं वाटत होतं. शब्द दाखवणं वाईट की चांगलं ते माहीत नाही, पण शब्द आणि चित्र दोघं एकाच क्षणाला येत होते. मधल्या जागेत हलगीच्या बारीक काडीचा तडतडाट असतो. तिथं माझं काहीच नव्हतं.

एक शॉट मात्र सरांनाही आवडला होता. भाऊ काट्याच्या लोखंडी पत्र्यावर उभा राहून गातो तो. तो ५० फ्रेमनं घेतला आणि मोबाइलवर गाणं दुप्पट वेगानं वाजवलं. भाऊ धापा टाकत, चिपमंकसारख्या चिरक्या आवाजाबरोबर ओठ हलवत होता. मागं ट्रॅक्टरवाले हसून बेजार. २५ वर आणल्यावर ओठ गाण्याशी जुळले आणि बाकी सगळं, उडणारं पाचट, मागून जाणारी ट्रॉली, पाण्याखालून चालल्यासारखं झालं. त्या शॉटला शब्द कुठले होते ते आता मलाच आठवत नाही.

८० टनवाल्या काकांनी पाकिटाबद्दल लिहिलं, म्हणून मावशीच्या घरी परत गेले. देवळीशेजारी खिळ्याला एक तार लटकते, टोकाला वाकवलेली. काट्याच्या पावत्या काका त्यात टोचून ठेवतात. खालच्या पिवळ्या पडल्यात, वरच्या अजून पांढऱ्या. मी म्हटलं, काका, नवीन पावती लावा बघू. त्यांनी अंगठ्यानं मधोमध चाचपलं, तारेच्या टोकावर ठेवली आणि ढकलली. आधीच्या पावत्या खाली दबल्या आणि कुरकुरल्या. तोंड फ्रेममध्ये घेतलंच नाही.

'बिल काही येईना'ला आता ती तार आहे. शॉट १४ ठोके धरलाय, सव्वाआठ सेकंदांच्या वर. चौदाला चारानं भाग जात नाही, त्यामुळं कट जिथं अपेक्षित असतो तिथं येत नाही आणि जरा अडखळायला होतं. १४ का, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ऊस पहिल्या कडव्यात ठेवलाय. त्यावर मी सरांशी भांडणार आहे. वाईची_लेक, तुमचं उदाहरण वापरते, बादलीसकट.

सूत्रधार_कृष्णाकाठ
तार उत्तम. पावत्यांचा कुरकुर आवाज ठेवलास का? हलगी तेवढ्यापुरती दाबता येत असेल तर बघ.

एकरी_ऐंशी_टन
१४ कळलं.

हळदपेठ
आवाज ठेवलाय, पण हलगी दाबली तर भाऊ बोलणार नाही माझ्याशी.

काल रात्री काकांना नवीन कट दाखवला. शेवटपर्यंत गप्प बघितला. तारेच्या शॉटला मावशीनं मान वळवून खऱ्या तारेकडं बघितलं. मग काका म्हणाले, "चांगलं झालंय. पण माझं पाकीट कुठं गेलं?"

विश्रामबाग_व्हिडिओ
आला मालकाचा फोन!