क्लिअरिंगमधली खुर्ची सोडून अधिकारीपद स्वीकारावे का?

चौथी सीट (प्रश्न)

नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत २०११ पासून लिपिक आहे. राहायला डोंबिवलीत आहे आणि गेली सहा वर्षे फोर्टमधल्या क्लिअरिंग विभागात काम करते. लिपिक ते अधिकारी या पदोन्नतीसाठी यंदा माझी निवड झाली असून, स्वीकार की नकार हे सोमवारपर्यंत लेखी कळवायचे आहे. नकार दिल्यास आमच्या बँकेच्या धोरणानुसार पुढची काही वर्षे या प्रक्रियेत बसता येत नाही. माझे वय एक्केचाळीस असल्यामुळे हा नकार बहुधा कायमचाच ठरेल.

सध्याचे काम सोपे आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. आमच्या ग्राहकांनी दिलेले आणि इतर बँकांत भरले गेलेले धनादेश पडद्यावर येतात. तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे ना, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते ना, कुठे खाडाखोड नाही ना, एवढे पाहून मी तो पुढे पाठवते. अंतिम मंजुरी अधिकारी देतात, म्हणजे माझी चूक पकडायला माझ्यामागे कोणीतरी असते. सहाला निघाले की सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते आणि आठच्या आत मी घरी असते.

कंटाळा मात्र इतका आला आहे की मी अक्षरे ओळखण्याचा खेळ खेळू लागले आहे. एका गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारांचे टपोरे, किंचित डावीकडे झुकलेले अक्षर मी सहा वर्षे पाहत होते. गेल्या वर्षी ते अक्षर थरथरू लागले, शून्याची दोन टोके एकमेकांना मिळेनाशी झाली, आणि दोन महिन्यांपूर्वी अक्षर आणि सही दोन्ही बदलले. त्या गृहस्थांचे काय झाले हे मला कधीच कळणार नाही, पण त्या दिवशी मी डबा अर्धाच खाल्ला. दिवसभरात मनाला स्पर्श करणारी गोष्ट एवढीच असेल, तर उरलेली एकोणीस वर्षे कशी काढायची, असा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

अधिकारी झाल्यावर पहिली नेमणूक राज्याबाहेर होऊ शकते, असे सगळेच सांगतात. मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल आणि सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. यजमान म्हणतात, 'तू ठरव.' हे वाक्य आधाराचे आहे की अंग काढून घेण्याचे, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. जे या वाटेने गेले आहेत किंवा मुद्दाम गेले नाहीत, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

मेकरचेकर

ताई, मी २०१७ साली लिपिकाची अधिकारी झाले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आधी पैशाचे बघू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात ८ मार्च २०२४ रोजी झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारानुसार लिपिकाचे मूळ वेतन २४,०५० पासून सुरू होऊन ६४,४८० ला संपते. त्याच वेळी झालेल्या अधिकाऱ्यांच्या संयुक्त करारानुसार पहिल्या श्रेणीचे मूळ वेतन ४८,४८० ते ८५,९२० आहे. पंधरा वर्षांची सेवा आणि पदवीच्या दोन वेतनवाढी धरल्या तर तुम्ही आज ५७,४०० च्या आसपास असाल. पदोन्नतीत तुम्हाला कोणी ४८,४८० वर आणून बसवणार नाही, आजच्या वेतनाला धरूनच नव्या श्रेणीत बसवतील. त्यामुळे पहिल्या महिन्याची पगारपावती पाहून 'एवढ्यासाठी का हा अट्टहास' असे वाटण्याची पूर्ण शक्यता आहे. मलाही तसेच वाटले होते. पण लिपिकाच्या श्रेणीत तुमच्यापुढे आता ६१,८०० आणि ६४,४८० अशा दोनच पायऱ्या उरल्या आहेत. त्यानंतर काही वर्षांच्या अंतराने मिळणाऱ्या स्टॅग्नेशन वाढी सोडल्या, तर जिना तिथेच संपतो. शिवाय तुम्ही एप्रिल २०१० नंतर लागलेल्या, म्हणजे निवृत्तिवेतन एनपीएसचे, दरमहा साठत जाणाऱ्या रकमेवर ठरणारे. तुमचे दहा आणि बँकेचे चौदा टक्के हे मूळ वेतन व महागाई भत्त्यावर मोजले जातात, म्हणून एकोणीस वर्षांत या फरकाचे जे काही होईल ते पगारपावतीवर दिसणार नाही, निवृत्तीच्या वेळी दिसेल.

पण खरा बदल सहीचा आहे. आज तुम्ही मेकर, म्हणजे पहिली तपासणी करणाऱ्या आहात, उद्या चेकर, म्हणजे अंतिम मंजुरी देणाऱ्या व्हाल, आणि चेकरच्या मागे कोणी नसते. एखादा व्यवहार पुढे वादात सापडला की 'स्टाफ अकाउंटेबिलिटी'च्या, म्हणजे कर्मचाऱ्याची जबाबदारी ठरवण्याच्या चौकशीत पहिला प्रश्न हाच असतो की पास कोणी केले. माझ्या पहिल्या शाखेत गर्दीच्या वेळी अधिकाऱ्याचा पासवर्ड लिपिकाला सांगून कामे उरकण्याची पद्धत होती, आणि मी नकार दिला तेव्हा मला महिनाभर 'नियमावली' या नावाने हाक मारली गेली. पुढे त्यातल्याच एका व्यवहारावरून एका सहकाऱ्याला आरोपपत्र मिळाले, तेव्हा ते नाव बंद झाले.

किल्लीचेही सांगायला हवे. शाखेची तिजोरी संयुक्त ताब्यात असते. एक किल्ली हेडकॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असते, आणि दोन्ही असल्याशिवाय ती उघडतही नाही आणि बंदही होत नाही. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस अनेकांना आठवत असेल. पाच दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाचा तो दिवस होता. दुपारीच बाकीच्यांना घरी सोडले, पण रोख जुळवून तिजोरी बंद करेपर्यंत हेडकॅशियर आणि मी निघू शकत नव्हतो. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मध्य रेल्वे ठप्प झाली होती. घाटकोपरहून ठाण्यापर्यंत मी बहुतेक पायीच गेले, आणि कमरेएवढ्या पाण्यात चपला कुठे गेल्या ते समजले नाही, पण ब्लाउजच्या आत रुमालात बांधलेली किल्ली मात्र दर दहा पावलांनी चाचपून पाहत होते. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी होती, माझी मुलगी घरात एकटी होती, आणि मला शाखा गाठावी लागली, कारण महिनाअखेर होती आणि निवृत्तिवेतनधारक दारात उभे राहणार होते. अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नसतो आणि ठरलेली सुटण्याची वेळही नसते. हे कागदावर वाचणे वेगळे आणि त्या पाण्यातून चालणे वेगळे.

तरीही मी परत लिपिक होणार नाही. त्याचे कारण आदर्शवादी नाही. एका छोट्या खानावळवाल्या बाईंचे कर्ज मी स्वतः जागा पाहून, त्यांच्या उधारीच्या वह्या चाळून शिफारस केले होते. ते पूर्ण फिटले त्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. मी तो घेतला नाही, नियम आहे, पण त्या दिवशी घरी जाताना मी कंटाळलेली नव्हते.

जुना हेडकॅशियर

वरील ताईंचे लिखाण वाचून माझीही जुनी किल्ली आठवली. मी २०२१ साली निवृत्त झालो. पदोन्नती दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा मी नाकारली. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मी एकुलता एक होतो, त्यामुळे विचार करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. आम्हा लिपिकवर्गाला 'अवॉर्ड स्टाफ' म्हणतात, हे नाव बँक कर्मचाऱ्यांच्या वादावरच्या अवॉर्डांपासून, म्हणजे १९५३ च्या शास्त्री निवाड्यापासून आणि पुढे १९६२ च्या देसाई निवाड्यापासून चालत आले. कामाच्या वेळा, जादा कामाचा मोबदला आणि बदलीवरची मर्यादा ही त्या लढ्याची कमाई आहे. ती सोडताना माणसाने निदान काय सोडतो आहोत हे नीट जाणावे.

मला खंत एकाच गोष्टीची आहे आणि ती पैशाची नाही. शेवटच्या आठ वर्षांत माझे अधिकारी माझ्या मुलीच्या वयाचे होते. ती मुले सभ्य होती, 'काका' म्हणत. पण रोख जुळत नसताना कुठे पाहायचे हे मला ठाऊक असायचे, आणि निर्णय मात्र त्यांचा असायचा. मी सांगायचो, ते ऐकायचे किंवा ऐकायचे नाहीत. या गोष्टीची सवय होते असे लोक म्हणतात. मला झाली नाही.

आता तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे सतत क्लिअरिंग सुरू झाले. पूर्वीसारखे एकगठ्ठा न येता धनादेश दिवसा अखंड येत राहतात आणि संध्याकाळी सातपर्यंत आपल्या बँकेने होकार किंवा नकार कळवला नाही, तर तो मंजूर झाला असेच धरले जाते. असे असताना तुम्ही सहाला कशा निघता? आमच्या काळी मुंबईत सीटीएस, म्हणजे कागदी धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठवण्याची पद्धत, २०१३ साली आली, तेव्हाही धनादेशांचे गठ्ठे बांधणारी निम्मी माणसे दुसरीकडे गेली होती. सोपी खुर्ची आपण सोडली नाही तरी तीच उद्या आपल्याला सोडू शकते. लोक धनादेश लिहायचेच कमी झाले आहेत, तेव्हा पुढच्या एकोणीस वर्षांचा हिशेब आजच्या खुर्चीवर मांडू नका.

उलटी लोकल

मी बँकेतला नाही, खाजगी विमा कंपनीत आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. कंटाळ्यावर पदोन्नती हा उपाय आहे असे मी धरून चाललो आणि तीन वर्षांत दोन पदे वर गेलो. कंटाळा गेला नाही, त्याच्या सोबतीला रक्तदाब आला. आज मी माणसांच्या रजा मंजूर करतो आणि तक्ते भरतो, जे मला पूर्वीच्या कामापेक्षाही नीरस वाटते. कामाचा कंटाळा आला आहे की त्या एका विभागाचा, हे आधी तपासावे. लिपिक म्हणूनच एखाद्या शाखेत कर्ज विभागात बदली मागून पाहिली आहे का?

मेकरचेकर

उलटी लोकल यांचा प्रश्न रास्त आहे, फक्त एक दुरुस्ती करते. शाखेत लिपिकाला कर्जाची कागदपत्रे हाताळता येतात, शिफारस आणि मंजुरी मात्र नाही. ताईंना अक्षरामागचा माणूस दिसतो, पण त्या माणसाशी बोलायची संधी त्यांना मिळत नाही, असे मला त्यांच्या लिखाणावरून वाटले. चूक असेल तर सांगावे.

चौथी सीट

सर्वांची आभारी आहे. काकांनी नेमके बोट ठेवले. 'सहाला निघते' हे मी सवयीने लिहिले, पण ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोन दिवस पाळीने साडेसातपर्यंत थांबावे लागते आणि त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत सव्वानऊ होतात. आपली नोकरी सोपी आहे हे स्वतःला इतक्या वेळा सांगितले होते की ते बदलल्याचे लक्षातच आले नव्हते.

कर्ज विभागातल्या बदलीसाठी मी दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि तो कोणत्या टेबलावर आहे हेही कोणी सांगत नाही.

काल मी मनुष्यबळ विभागात जाऊन पदोन्नतीचे धोरण आणि बदल्यांबाबतची परिपत्रके स्वतः वाचली, जे मी महिन्यापूर्वीच करायला हवे होते. अधिकाऱ्याची बदली भारतात कुठेही होऊ शकते, हे स्पष्टच आहे. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो कुटुंबाजवळ नेमावे अशी सूचना त्यात आहे, पण ती 'प्रशासकीय सोयीच्या अधीन' आहे, आणि या तीन शब्दांत काय काय मावते हे आपण सगळेच जाणतो. मुलाच्या दहावीचे कारण देऊन पहिल्या नेमणुकीसाठी विनंती अर्ज करता येतो. तो मान्य होईलच असे नाही, पण गेल्या वर्षीच्या यादीतल्या तिघींपैकी दोघींना महाराष्ट्रातच शाखा मिळाल्याचे तिथल्या मॅडमनी सांगितले.

रात्री यजमानांना विचारले की 'तू ठरव' म्हणजे नक्की काय. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की सासूबाईंची शस्त्रक्रिया मेमध्येच उरकून घेऊ, जूनमध्ये दोन्ही एकदम नको. म्हणजे त्यांनी मनातल्या मनात मांडणी केलेली होती, फक्त मला सांगितली नव्हती. स्वीकृतिपत्र लिहून ठेवले आहे, विनंती अर्ज त्यालाच जोडून सोमवारी देईन.

किल्लीची भीती मात्र गेलेली नाही. मेकरचेकर ताई, पहिल्यांदा चार्ज घेताना काय पाहावे?

मेकरचेकर

आधीचा अधिकारी घाईत असेल आणि 'सगळे जुळलेले आहे, फक्त सही करा' असे म्हणेल. त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा. प्रत्येक मूल्याची रोकड, कोरी चेकबुके, मुदत ठेवींच्या कोऱ्या पावत्या, न वाटलेली एटीएम कार्डे आणि तारण सोन्याची सीलबंद पाकिटे रजिस्टरशी ताडून स्वतः मोजा. जे जुळणार नाही ते त्याच दिवशी चार्ज रिपोर्टमध्ये लिहा, तोंडी सांगून सोडून देऊ नका. तुमच्या नावाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि किल्लीसाठी साडीला किंवा कुर्त्याला आतून चेन असलेला खिसा शिवून घ्या. डोंबिवली फलाटाबाहेर अल्टरेशनवाले बसतात, ते पाच मिनिटांत करून देतात.